जुन्या सीडीने प्रकाशाची तरंगलांबी मोजताना

लाल लेझरच्या प्रकाशात एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर साधारण ६५० नॅनोमीटर असतं. फूटपट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये अशा दीड हजारांहून अधिक लाटा बसतात. तरीही हे अंतर त्याच फूटपट्टीने मोजता येतं, आणि नीट मोजलं तर दोन-तीन नॅनोमीटरच्या आत. मधे फक्त एक जुनी सीडी लागते.

सीडीने तरंगलांबी काढायचे छोटे प्रयोग बऱ्याच जणांनी शाळेत पाहिलेले असतात. सीडीवरच्या रेघांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर धरायचं, भिंतीवरचे ठिपके मोजायचे, सूत्रात आकडे घालायचे आणि आलेलं उत्तर वहीत लिहायचं. माझ्या मते खरा प्रयोग त्यानंतर सुरू होतो. आलेल्या आकड्यावर विश्वास का ठेवायचा, हे तपासल्याशिवाय ते मोजमाप होत नाही. म्हणून या लेखात जोडणीपेक्षा तपासणीला जास्त जागा दिली आहे.

आधी एक रुमाल

सीडीला हात लावण्याआधी पाच मिनिटं काढून हे करून पाहा. बारीक विणीचं पातळ कापड ताणून धरा आणि त्यातून लेझरचा झोत पाच मीटरवरच्या भिंतीवर पाडा. एका ठिपक्याऐवजी ठिपक्यांची फुली दिसेल. उभ्या धाग्यांमुळे आडवी रांग, आडव्या धाग्यांमुळे उभी. धाग्यांमधलं अंतर ०.२ मिलिमीटर असेल तर शेजारच्या दोन ठिपक्यांमध्ये सुमारे १६ मिलिमीटर अंतर पडतं. कापड विरळ असेल तर ठिपके जवळ येतात, दाट असेल तर लांब जातात. जाळी जितकी बारीक तितका प्रकाश जास्त फाकतो, ही या विषयातली सर्वात महत्त्वाची गोष्ट इथेच डोळ्यांना पटते.

समान अंतरावरच्या बारीक रेघांनी प्रकाश फाकवणारी जाळी म्हणजे विवर्तन जाळी. तिची सुरुवातही रुमालापासूनच झाली. १७८५ साली फ्रान्सिस हॉपकिन्सन यांना रेशमी रुमालातून रस्त्यावरच्या दिव्याकडे बघताना काळ्या-उजळ पट्ट्या दिसल्या आणि त्यांनी त्याचं कारण अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांना विचारलं. रिटनहाउस यांनी बारीक आट्यांच्या दोन स्क्रूंवर माणसाचे केस समांतर ताणून जाळी तयार केली. पुढे १८२१ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ योझेफ फ्राउनहोफर यांनी बारीक तारांच्या जाळ्या बनवल्या आणि त्यांनी तरंगलांबी मोजल्या. आपल्या हातातली सीडी त्या सगळ्या जाळ्यांपेक्षा कितीतरी दाट आहे. तिच्यावर मिलिमीटरला सुमारे ६२५ रेघा असतात.

रेघा कुठल्या, आणि सूत्र कुठून येतं

सीडीवर माहिती एका लांबलचक सर्पिलात कोरलेली असते. सर्पिलाचे शेजारचे दोन वेढे १.६ मायक्रोमीटर, म्हणजे १६०० नॅनोमीटर अंतरावर असतात. डीव्हीडीवर हेच अंतर ०.७४ मायक्रोमीटर असतं. ब्लू-रे तबकडीवर ते ०.३२ मायक्रोमीटर, म्हणजे जांभळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही कमी. त्यामुळे समोरून सरळ पडलेला दृश्य प्रकाश तिच्यावरून विवर्तित होऊन बाहेर येऊच शकत नाही. या कामाला ती बाजूला ठेवा.

झोत तबकडीवर लंब पडला की प्रत्येक वेढ्यावरून प्रकाश सगळ्या दिशांना फाकतो. एखाद्या तिरक्या दिशेने पाहिलं तर शेजारच्या वेढ्यावरून निघालेल्या लाटेला थोडा जास्त रस्ता कापावा लागतो. हा जास्तीचा रस्ता बरोबर एका तरंगलांबीएवढा झाला की सगळ्या लाटांचे माथे जुळतात आणि त्या दिशेला झगझगीत ठिपका पडतो. तो पहिला क्रम. दोन तरंगलांबींएवढा झाला की दुसरा. यावरून सूत्र असं:

क्रमांक × तरंगलांबी = वेढ्यांमधलं अंतर × साइन(कोन)

तबकडीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा १.२ मिलिमीटर जाड थर असतो. प्रकाश त्यातून वाकतो, मग सूत्र बदलायला नको का, असा प्रश्न पडतो. बदलायला नको. थराच्या दोन्ही बाजू समांतर असल्याने आत कोन जेवढा कमी होतो, तेवढाच बाहेर पडताना पुन्हा वाढतो. बाहेर मोजलेला कोनच सूत्रात घालायचा.

लेझर हातात घेण्याआधी

एक मिलिवॉटच्या आतला लेझर या प्रयोगाला पुरतो. कुठल्याही परिस्थितीत पाच मिलिवॉटच्या वर जाऊ नका आणि शक्ती न लिहिलेला लेझर वापरू नका. सीडी आरशासारखी आहे. ती झोत परत तुमच्याच दिशेने फेकते, शिवाय दोन्ही बाजूंना आणखी दोन-चार झोत सोडते. म्हणून मांडणी टेबलावर ठेवा आणि डोळे नेहमी झोताच्या पातळीच्या वर असू द्या. खाली वाकून आडव्या रेषेत बघायचं नाही. हातातलं घड्याळ, अंगठ्या, चकचकीत भांडी बाजूला ठेवा. पडद्याच्या बाहेर जाणारे क्रम पुठ्ठ्याने अडवा. मुलं हा प्रयोग करणार असतील तर शेजारी मोठं माणूस हवंच.

स्वस्त हिरव्या लेझरमधून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही बाहेर पडू शकतो. ठिपका मंद दिसतो म्हणून तो निरुपद्रवी आहे असं समजू नका.

मांडणी: भोक पाडलेला पडदा

तबकडीचं अस्तर खरवडून आरपार झोत सोडण्याची पद्धत बरीच प्रचलित आहे, पण लेझरसाठी मला परावर्तनाची पद्धत जास्त आवडते. तबकडी फोडावी लागत नाही, आणि झोत लंब आहे की नाही हे आपोआप कळतं.

साधारण ६० सेंटिमीटर रुंदीचा पांढरा पुठ्ठा घ्या. मधोमध चार-पाच मिलिमीटरचं भोक पाडा आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना आलेखाचा कागद चिकटवा. पुठ्ठा टेबलावर उभा करा, मागे पुस्तकांचा टेकू द्या. लेझर पुठ्ठ्याच्या मागे ठेवून त्याचा झोत भोकातून पुढे जाऊ द्या. बटण दाबून ठेवायला कपड्यांचा चिमटा उत्तम. हाताने धरलेला लेझर हलतो आणि मोजमाप बिघडतं.

आता पुठ्ठ्यापासून बरोबर ५०० मिलिमीटरवर सीडी उभी करा, चमकती बाजू लेझरकडे. झोत तबकडीच्या उजव्या किंवा डाव्या कडेला, मध्याच्या पातळीवर पडला पाहिजे. तिथे वेढे उभे असतात, म्हणून ठिपके आडव्या रांगेत पडतात. वरच्या किंवा खालच्या कडेला झोत टाकला तर ते उभ्या रांगेत जातील.

कडेलाच का, याला कारण आहे. वेढे सरळ नसून गोल आहेत. झोत तीन मिलिमीटर रुंद असेल तर त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला वेढ्यांची दिशा थोडी वेगळी असते आणि भिंतीवरचा ठिपका उभा ताणला जातो. तबकडीच्या बाहेरच्या कडेशी, मध्यापासून ५५ मिलिमीटरवर, हा ताण पहिल्या क्रमात सुमारे १२ मिलिमीटर येतो. आतल्या भागात, २५ मिलिमीटरवर, तो त्याच्या दुप्पट होतो. ॲल्युमिनियमच्या फॉइलला सुईने भोक पाडून ते झोतासमोर धरलं की ठिपका पुष्कळ आखूड होतो. उरलेला ताण उभा असल्याने आडव्या मोजमापाला फारसा धक्का लागत नाही. आपण ठिपक्याचा मध्य धरतो.

मग तबकडी हळूहळू फिरवून मधला परावर्तित ठिपका पुन्हा भोकातच परत पाठवा. तो भोकात गेला, म्हणजे झोत तबकडीवर लंब आहे. पाच मिलिमीटर बाजूला पडला, तर तबकडी पाव अंशाहून थोडी जास्त तिरकी आहे. दर मोजमापाआधी हे बघायची सवय लावून घ्या. अर्धा मिनिट लागतो आणि निम्म्या चुका टळतात.

मोजणी

भोकाच्या मध्यापासून डावा ठिपका आणि उजवा ठिपका यांची अंतरं वेगवेगळी लिहा. समजा, डावं २१९ आणि उजवं २२६ मिलिमीटर आलं. हा फरक बहुतेक वेळा तबकडी किंवा पडदा किंचित तिरका असल्यामुळे पडतो. सरासरी घेतली की तो जवळजवळ सगळा निघून जातो. सरासरी २२२.५.

आता काटकोन त्रिकोण डोळ्यांसमोर आणा. एक बाजू ५००, दुसरी २२२.५. कर्ण येतो ५४७.३. साइन म्हणजे २२२.५ भागिले ५४७.३, म्हणजे ०.४०६६. त्याला १६०० ने गुणलं की ६५०.५ नॅनोमीटर.

इथे एक चूक इतक्या वेळा होते की ती वेगळी सांगितलीच पाहिजे. कर्ण न काढता २२२.५ ला सरळ ५०० ने भागलं, तर साइनऐवजी टॅन येतो, ०.४४५, आणि उत्तर ७१२ नॅनोमीटर. पाठ्यपुस्तकातल्या दोन फटींच्या प्रयोगात कोन इतके लहान असतात की साइन आणि टॅन सारखेच धरले तरी चालतात. सीडीचा कोन २४ अंशांचा आहे. इथे ते चालत नाही. डीव्हीडीवर तर लाल झोत ६१ अंशांनी वळतो.

चूक किती महाग पडते हेही आधी काढून ठेवा. या मांडणीत एका बाजूच्या अंतरात एक मिलिमीटर चुकला तर उत्तर सुमारे अडीच नॅनोमीटरने सरकतं. तबकडी आणि पडदा यांच्यामधलं अंतर एक मिलिमीटर चुकलं तर सुमारे एका नॅनोमीटरने. म्हणजे डाव्या-उजव्या ठिपक्यांचं अंतर जास्त जपून मोजायचं. सगळं व्यवस्थित केलं तर फूटपट्टीमुळे येणारी चूक दोन नॅनोमीटरच्या आसपास राहते.

दुसऱ्या क्रमाची साक्ष

तबकडी २०० मिलिमीटरपर्यंत जवळ आणा. आता लाल झोताचा पहिला ठिपका मध्यापासून सुमारे ८९ मिलिमीटरवर पडतो आणि दुसऱ्या क्रमाचा सुमारे २७९ वर. दोन्ही पडद्यावर मावतात. दोघांपासून वेगवेगळी तरंगलांबी काढा. दुसऱ्या क्रमात साइनला १६०० ने गुणून दोनने भागायचं. उत्तरं जुळली पाहिजेत.

जुळली नाहीत, तर ती काहीतरी सांगत असतात. समजा पडद्यापर्यंतचं खरं अंतर २०५ मिलिमीटर आहे आणि तुम्ही २०० धरलं. मग पहिल्या क्रमावरून सुमारे ६६४ येईल आणि दुसऱ्यावरून सुमारे ६५५. पहिल्या क्रमाचं उत्तर मोठं, दुसऱ्याचं त्याहून लहान असा फरक दिसला की पट्टी पुन्हा लावून बघा. बहुधा तुम्ही तबकडीऐवजी तिच्या आधारापासून मोजलेलं असतं, किंवा पुठ्ठा मधे वाकलेला असतो.

पण एक चूक या तपासणीत कधीच सापडत नाही. वेढ्यांमधलं अंतरच चुकीचं धरलं असेल तर दोन्ही क्रमांची उत्तरं एकाच प्रमाणात चुकतात आणि एकमेकांशी झकास जुळतात. सगळं ठीक वाटतं आणि आकडा खोटा असतो.

१६०० हा आकडा कुणी तपासला?

सीडीच्या मानकात वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, अधिक-उणे ०.१ असं आहे. म्हणजे मानकात बसणाऱ्या सीडीचं अंतर १.५ पासून १.७ पर्यंत काहीही असू शकतं. टक्केवारीत ही सूट सहा टक्क्यांहून थोडी जास्त, आणि ६५० वर सहा टक्के म्हणजे सुमारे ४० नॅनोमीटर. लालचा आकडा नारिंगीत जायला एवढं पुरतं. फूटपट्टीची चूक दोन नॅनोमीटर आणि तबकडीची चाळीस. मोजमाप कितीही जपून केलं तरी हा आकडा तसाच उचलला तर त्या मेहनतीचा उपयोग नाही.

घरी सापडणाऱ्या कोऱ्या, ७०० मेगाबाइटच्या सीडी यात हमखास फसवतात. त्यांत ८० मिनिटांचं संगीत मावावं म्हणून वेढे जवळ आणलेले असतात, साधारण १.५ मायक्रोमीटरवर.

उपाय एकच. ज्याची तरंगलांबी पक्की ठाऊक आहे अशा प्रकाशाने आधी तबकडी मोजायची, मग त्या तबकडीने अनोळखी प्रकाश मोजायचा. लेझरमध्ये यासाठी बहुतेक हिरवे पॉइंटर चांगले. त्यांच्यात निओडिमियमच्या स्फटिकातून १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश निघतो आणि दुसऱ्या स्फटिकातून जाताना त्याची तरंगलांबी बरोबर निम्मी होते, ५३२. हा आकडा स्फटिकातल्या अणूंनी ठरवलेला आहे, कारखान्याने नाही. लाल डायोडचं तसं नसतं. तो एका नगात ६३५ असतो, दुसऱ्यात ६७० असतो, आणि तापला की दर अंशाला साधारण पाव नॅनोमीटरच्या आसपास वाढतो. मात्र हिरव्यांमध्येही काही थेट डायोडचे असतात, ५१५ ते ५२० च्या आसपासचे. लेझरवर ५३२ लिहिलेलं आहे का ते पाहा.

उदाहरण घेऊ. कोरी सीडी, अंतर ५०० मिलिमीटर, हिरवा लेझर. डाव्या ठिपक्यापासून उजव्यापर्यंत ३८० मिलिमीटर, म्हणजे निम्मं १९०. कर्ण ५३४.९, साइन ०.३५५२. १६०० ने गुणलं तर ५६८ येतं. हिरव्या लेझरला पिवळसर हिरव्याचा आकडा, म्हणजे चूक इथेच उघडी पडली. आता उलट करा. ५३२ ला ०.३५५२ ने भागलं तर १४९८ नॅनोमीटर. या तबकडीचं अंतर १.५ मायक्रोमीटर आहे.

मांडणी न हलवता हिरव्याच्या जागी लाल लेझर ठेवा. समजा निम्मं अंतर २४१ आलं. साइन ०.४३४२. जुन्या आकड्याने ६९५ नॅनोमीटर झालं असतं, तबकडीच्या स्वतःच्या आकड्याने ६५० येतं. तबकडीवर मार्करने तिचं अंतर लिहून ठेवा. ती आता तुमची जाळी.

मांडणी न हलवण्याचा आणखी एक फायदा आहे. पडद्यापर्यंतचं अंतर थोडं चुकीचं मोजलं असेल तर ती चूक दोन्ही मोजमापांत जाते आणि बरीचशी एकमेकींना खाते.

लेझर नसेल तर: दिवा आणि फट

लेझरशिवायही हे होतं, आणि खरं सांगायचं तर मला हा भाग जास्त प्रिय आहे, कारण इथे रंग वेगळे होताना दिसतात.

त्यासाठी आरपार दिसणारी जाळी हवी. सीडीची छापील बाजू कटरने खरवडा, वर रुंद चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चमकता थर निघून येतो आणि वेढे पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये तसेच राहतात. कोऱ्या सीडीवर रंगाचा थर उरला तर तो अल्कोहोलने धुवा. मग कडेचा एक तुकडा कात्रीने कापून घ्या. कापताना प्लॅस्टिकच्या टिकल्या उडतात, डोळ्यांना चष्मा हवा.

दोन काळ्या पुठ्ठ्यांच्या सरळ कडा जवळ आणून उभी फट करा आणि तिच्या मागे दिवा ठेवा. फटीच्या दोन्ही बाजूंना, झोताला काटकोनात, मीटरपट्टी आडवी लावा. एक मीटर अंतरावरून सीडीच्या तुकड्यातून फटीकडे बघा. फटीच्या दोन्ही बाजूंना तिच्या रंगीत प्रतिमा पट्टीवर तरंगताना दिसतील. जोडीदाराला पट्टीवरून पेन्सिल सरकवायला सांगा आणि ती हव्या त्या रंगाशी जुळली की थांबवा. दुसऱ्या बाजूलाही तेच. सूत्र तेच, फक्त कोन आता तुकड्यापासून फटीपर्यंतच्या अंतरावरून.

कुठला दिवा लावता यावर सगळं अवलंबून आहे. तापलेल्या तारेच्या दिव्यात सलग पट्टा दिसतो, मोजायला काठ सापडत नाही. पांढऱ्या एलईडीमध्ये ४५० च्या आसपास निळा डोंगर, त्यानंतर दरी आणि मग रुंद पिवळा-हिरवा पट्टा. ट्यूबलाइट किंवा गुंडाळीचा सीएफएल दिवा मात्र मोजणाऱ्यासाठी सोन्यासारखा आहे. त्यात पाऱ्याची वाफ असते आणि पारा ठरावीक रेघाच देतो. ४३५.८ नॅनोमीटरची निळी-जांभळी रेघ, ५४६.१ ची हिरवी. लालमध्ये ६११ च्या आसपास जी ठळक रेघ दिसते ती पाऱ्याची नाही, काचेच्या आतल्या लेपातल्या युरोपियम या मूलद्रव्याची. १६०० च्या तबकडीने एक मीटरवर या तीन रेघा मध्यापासून अनुक्रमे २८३, ३६३ आणि ४१३ मिलिमीटरवर पडतात.

तबकडी मोजायला यांतली निळी रेघ घ्या. हिरव्या रेघेच्या अगदी शेजारी लेपातल्या टर्बियमचा हिरवा प्रकाश असतो आणि साध्या फटीत दोघं एकमेकांत मिसळून मध्य थोडा सरकवतात. दिवा फुटू देऊ नका, पाऱ्याची वाफ विषारी असते.

दुसरा भरवशाचा ओळखीचा प्रकाश मीठ देतं. ओल्या तारेला मीठ लावून ती ज्योतीत धरा. पिवळी ज्योत ५८९ नॅनोमीटरची, सोडियमची.

फोनचा कॅमेरा आणि डीव्हीडी

डोळ्याने बघून पेन्सिल जुळवण्यापेक्षा फोटोवर मोजणं निवांत असतं. त्यासाठी कोरी डीव्हीडी घ्या. ती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून केलेली असते. कडेला कटरचं पातं जपून घातलं की त्या सुटतात. जी चकती जांभळट दिसते ती अल्कोहोलने धुतली की पारदर्शक होते. तिच्या उघड्या बाजूला बोट लावू नका, वेढे तिथेच आहेत.

डीव्हीडीचा तुकडा फोनच्या लेन्सवर सपाट चिकटवा. वेढे आणि खोक्यातली फट एकमेकांना समांतर हव्यात. २५ सेंटिमीटर लांबीचं, आतून काळं केलेलं खोकं घ्या. एका टोकाला फट, दुसऱ्या टोकाला फोन. पण फोन खोक्याच्या अक्षाशी सरळ न ठेवता असा तिरका बसवा, की फटीकडून येणारा प्रकाश तुकड्यावर ४८ अंशांनी पडेल. मग हिरवा प्रकाश लेन्समध्ये सरळ शिरतो, जांभळा आणि लाल त्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम १२ अंशांच्या आत राहतात. याचा मोठा लाभ म्हणजे फोटोतलं अंतर आणि तरंगलांबी यांचं नातं जवळजवळ सरळ रेषेचं होतं. त्रिकोणमिती लागत नाही.

फटीसाठी दाढीच्या दोन पात्यांच्या कडा ०.२ मिलिमीटरवर आणा. पात्यांची धार खोक्याच्या बाहेर उघडी राहू नये. फट इतकी बारीक असावी लागते, कारण या मांडणीत तीच तुमची मर्यादा ठरवते, जाळी नाही. २५० मिलिमीटरवरची ०.२ मिलिमीटरची फट सुमारे ०.४ नॅनोमीटरची अस्पष्टता आणते. फट अर्धा मिलिमीटर केली की रेघा उजळ होतात पण जाड होतात.

कॅमेऱ्याचं फोकस फटीच्या अंतरावर पक्कं करा, नाहीतर फोन तुकड्यावरची धूळ टिपत बसतो. उजेड मुद्दाम कमी ठेवा. फोटोत रेघ पांढरी पडली की तिचा मध्य सापडत नाही.

समजा सीएफएलच्या फोटोत निळी रेघ आडव्या ८१२ व्या पिक्सेलवर आहे आणि हिरवी १३६४ व्या. दोघींमध्ये ११०.३ नॅनोमीटर आणि ५५२ पिक्सेल. म्हणजे एका पिक्सेलला ०.२ नॅनोमीटर. इथे हिरव्यात दोन जवळच्या रेघा सुट्या दिसल्या तर लालकडची पाऱ्याची. आता लाल रेघ १६९० व्या पिक्सेलवर असेल तर तिची तरंगलांबी ५४६.१ अधिक ३२६ गुणिले ०.२, म्हणजे ६११.३. युरोपियमशी जुळली, म्हणजे मोजपट्टी खरी आहे. यानंतर फोन आणि खोकं न हलवता कुठलाही दिवा समोर ठेवा आणि त्याच्या रेघा वाचा. लेझर मात्र थेट या खोक्यात कधीच सोडू नका. पांढऱ्या कागदावरचा त्याचा ठिपका फटीसमोर धरा.

खोकं किती चांगलं जमलं हे पाऱ्याची पिवळी जोडी सांगते. ५७७.० आणि ५७९.१ अशा त्या दोन रेघा आहेत. त्या मंद असतात. वेगळ्या दिसल्या तर तुमचं उपकरण दोन नॅनोमीटरचा फरक ओळखतं. एकच दिसली तर फट आणखी बारीक करा, किंवा फट आणि वेढे समांतर आहेत का ते तपासा. बहुतेक वेळा तुकडा दोन-तीन अंश फिरवल्यावर रेघा एकदम धारदार होतात.

मग दिवसा खोकं खिडकीपाशी न्या. सूर्याकडे नाही, कधीच नाही. ढगाळ आभाळाकडे किंवा उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदाकडे फट रोखा. सलग रंगपट्ट्यात केसासारख्या काळ्या रेघा दिसू लागतील. सूर्याच्या वातावरणातल्या अणूंनी गिळलेला प्रकाश तो. १८१४ मध्ये फ्राउनहोफर यांनी याच रेघांचा नकाशा काढायला घेतला होता. निळ्या-हिरव्यात ४८६.१ वर हायड्रोजनची, हिरव्यात ५१७ च्या पुढे मॅग्नेशियमचा छोटा घोळका, पिवळ्यात ५८९ वर सोडियमची. आदल्या दिवशी मिठाच्या ज्योतीचा फोटो काढला असेल आणि मांडणी तशीच असेल, तर तो शेजारी उघडा. ज्योतीतली उजळ रेघ आणि आभाळातली काळी रेघ एकाच पिक्सेलवर येते.

सुरुवात ४८६.१ च्या रेघेपासून करा. ती एकटी असते, तिच्याजवळ दुसरी ठळक रेघ नसल्याने ती ओळखायला सोपी जाते. मघाच्या मोजपट्टीने ती १०६४ व्या पिक्सेलच्या आसपास सापडायला हवी.